मारू नका, चांगलं लागलंय

नाही नाही नाही, गाडीचा नाहीये तो आवाज — गाडी ठणठणीत आहे, तुम्ही पाय काढू नका — बघा, काढलात, बंद पडली. हरकत नाही. क्लच पूर्ण आत, चावी फिरवा. हां. तो आवाज रेडिओचा आहे, मॅडम. माणूस गातोय. अहो खरंच, माणूस! एकटाच आहे तो. खाली घुमतंय ना, ते त्याच्याच गळ्यातलं, आणि वर शीळ वाजतेय ती पण त्याचीच, दोन्ही एकाच वेळी. मंगोलियाच्या बाजूला गातात म्हणे असं. पहिल्यांदा ऐकलं की सगळ्यांना वाटतं, गिअरबॉक्स गेला. तुमच्याआधी एक पोस्टमास्तर यायचे शिकायला, ते तर दार उघडून खाली उतरले आणि चाकांकडे बघायला लागले. घ्या पहिला. सोडा आता क्लच — हळू — झोपलेल्या पोराच्या डोक्याखालून हात काढतो ना आपण, तसं — अरे वा! चाललो की आपण.

बंद कशाला करू? त्रास होतोय? नाही ना, मग असू दे. दोन ते तीन असतो हा कार्यक्रम, रोज. जगातलं कुठलं कुठलं शोधून लावतात. मध्ये एक बाई बोलते, तिचा आवाज ऐका तुम्ही — आत्ताच उठलीय आणि पुन्हा झोपणार आहे असा. आम्ही तिला झोपाळू बाईच म्हणतो. आम्ही म्हणजे मी आणि आमच्या सासूबाई. हसताय काय? आरशात बघा, मागे सायकलवाला आहे. सासू आणि जावई मिळून मंगोलियाचं गाणं ऐकतात यात हसण्यासारखं काय आहे? आहे म्हणा. मलाही येतं कधीकधी.

आणि मी काही संगीतातला माणूस नाही हं. माझं शिक्षण म्हणजे क्लच आणि ब्रेक. घरात संगीत हे बायकोचं खातं. ती गाणं शिकवते — दिवसा शाळेत, संध्याकाळी घरी — आणि गातेही सुंदर, म्हणजे लोक म्हणतात, मी कोण म्हणणारा? लग्नानंतर आठव्या दिवशी मी आंघोळ करताना जरा गुणगुणलो, तर बाहेरून आवाज आला, ‘अहो, तुम्हाला कान नाही, तुम्ही नका गाऊ.’ प्रेमानं म्हणाली, तसं नाही. पण सत्तावीस वर्षं झाली त्याला. नाही गायलो. तेव्हापासून आंघोळ पण लवकर आटपते.

तर सासूबाई. दोन वर्षांपूर्वी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. मुलगा, म्हणजे माझा मेव्हणा, दुसऱ्या गावाला, चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. म्हणून आमच्याकडे आल्या. वय एक्याऐंशी. एकतीस वर्षं कापडाच्या कारखान्यात मागावर काम केलेली बाई, आणि चेहरा असा की कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकलीय. हिच्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसायच्या — प्रत्येक, एक चुकवला नाही — पण मान हलणार नाही, हात उठणार नाही. हॉल टाळ्या वाजवतोय आणि या पर्स मांडीवर धरून बसल्यात, दवाखान्यात नंबर लावल्यासारख्या. नंतर ही विचारायची, ‘आई, कसं झालं?’ ‘झालं ना? चल, भूक लागलीय.’ संपलं! मग ही तीन दिवस घरात पातेली आपटणार. ती पातेली मी ऐकलीयेत सत्तावीस वर्षं, म्हणून सांगतो. दुसरा घ्या आता. खाली ओढा. सरळ खाली. तो चौथा होता — काही नाही, काही नाही, पुन्हा.

झालं काय, मला एक ते चार शिकवण्या नसतात, म्हणजे तेव्हा नसायच्या. ही शाळेत. घरात आम्ही दोघंच. एका दुपारी मी स्वयंपाकघरात पाव कापत होतो, सासूबाई खुर्चीत बसून उगाच रेडिओचं बटण फिरवत होत्या, आणि अचानक त्यातून असं काहीतरी यायला लागलं — कड्डड्, मग गप्प, मग लांबून कुणीतरी जाड दोर तोडल्यासारखं — ट्युंव्! — मग खूप वेळ काहीच नाही, मग खोलवर घुम्म. मला वाटलं, गेला रेडिओ. जुनाच आहे. मी आपला गेलो आणि दोन चापट्या दिल्या त्याच्या डोक्यावर, देतो तशा. तर सासूबाई ओरडल्या, ‘मारू नका! चांगलं लागलंय!’

मी बघितलं तर मान डोलत होती. मॅडम, ती मान! डोळे मिटलेले, आणि मान अशी — तुम्ही माझ्याकडे बघू नका, पुढे बघा — अशी सावकाश डोलतेय. मी पावाची सुरी हातात धरून तसाच उभा. शेवटी झोपाळू बाई म्हणाली, ‘आपण गोठलेल्या तळ्याचा बर्फ ऐकत होतो.’ कुणीतरी बर्फाला भोक पाडून आत माइक सोडला होता. बर्फ! लोकांना काय काय सुचतं! सासूबाई म्हणाल्या, ‘उद्या पण लावा हो.’

मग वेडच लागलं. रोज दोन वाजले की पाव, चहा आणि जग. काय काय ऐकलं म्हणून सांगू! वाळवीनं पोखरलेलं लांब लाकूड असतं ऑस्ट्रेलियात, त्यात फुंकतात, जमीन ढेकर देतेय असं वाटतं. एकानं पियानोच्या तारांमध्ये स्क्रू आणि रबर अडकवले होते, तो वाजवला की भांड्यांचं दुकान चालत निघालंय असं वाटायचं. दोन खांबांमध्ये मैलभर तार बांधलेली आणि ती वारा वाजवतोय, माणूस नुसता बाजूला बसलेला — हे काम मला आवडलं असतं. आणि वानुआतू म्हणून बेटं आहेत, तिथल्या बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून पाणीच वाजवतात, हातांनी, धबाक्-धप्प-छळ्ळ, अहो ढोल झक मारतील! आणि प्रत्येक गोष्टीवर सासूबाईंचं मत. ‘हा माणूस बायकोशी भांडून आलाय.’ ‘हे आमच्या चार नंबरच्या मागासारखं आहे, त्याचाही पट्टा असाच सैल होता.’ आणि मग मला विचारायच्या, ‘जावईबापू, तुम्हाला कसं वाटलं?’ पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, ‘आई, मला कान नाही.’ तर माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, ‘मग हे दोन्ही बाजूंना काय, कपाचे लावलेत?’

साडेतीन झाले की रेडिओचा काटा बातम्यांवर, पावाचा चुरा पुसायचा, खुर्च्या जागेवर. चोरी नव्हती हो, पण चोरीसारखंच वाटायचं. ही सुराच्या बाबतीत फार कडक. तिला हे कळलं असतं तर — थांबा, शाळा आहे, मुलं सोडा. जाऊ दे त्यांना. आपल्याला घाई नाही. चला.

तीन-चार महिने झाले असतील. एकदा कार्यक्रमात फक्त शिट्या होत्या. कुठल्यातरी बेटावर माणसं एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर शिट्यांमध्येच बोलतात म्हणे. इतक्या तीक्ष्ण की माझे दात शिवशिवले. आणि सासूबाई म्हणाल्या, ‘आज सुरू नाही झालं का अजून?’ मला वाटलं थट्टा करतायत. नाही, मॅडम. रेडिओकडे वाट बघत बसल्या होत्या. मग मला एकेक आठवायला लागलं. शिट्टीची किटली शेजारी बोंबलत असायची, पाणी आटून जायचं, या ढिम्म. फोनवर कधी बोलायच्या नाहीत — ‘मला आवडत नाही.’ झोपाळू बाई काय म्हणाली, ते दरवेळी मलाच विचारायच्या. आणि आपण बोललो की आपल्या डोळ्यांत नाही, तोंडाकडे बघायच्या. मी घेऊन गेलो त्यांना कानाच्या डॉक्टरकडे. हिला सांगितलं, पायाच्या व्यायामाला जातोय. डॉक्टरांनी कागद काढला, त्यावर रेघ होती — खालच्या आवाजांना बरी चाललेली, आणि वर जायला लागली की धाडकन पडलेली, गच्चीवरून कुणी ढकलल्यासारखी. मागांच्या आवाजानं गेलं म्हणे. तरुणपणीच जायला लागलं, पुढे वयानं उरलंसुरलं नेलं. यंत्र लावूनही वरचं परत येणार नाही, जे मेलंय ते मेलंय. आणि बोलणं कसं कळतं? तर कारखान्यात एवढा आवाज असायचा की सगळ्या बाया ओठांवरूनच बोलायच्या. ती सवय. समोर असलात की त्यांना शब्द न् शब्द कळतो. पाठ केलीत की तुम्ही भिंत.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, तोंड समोर करून, ‘आई, म्हणजे हिचं गाणं?’ तर म्हणाल्या, ‘सुरुवातीचं येतं. मग ती वर जाते आणि नुसतं तोंड दिसतं.’ मी म्हटलं, ‘सांगितलं का नाहीत हिला?’ त्यांनी माझा हात धरला — केवढी पकड आहे अजून! — आणि म्हणाल्या, ‘कडक आई चालते हो, जावईबापू. सगळ्यांच्या आया कडक असतात. पण आईनं गाणं ऐकलंच नाही, एवढी वर्षं ती भिंतीपुढे गात होती, हे कुणी सांगायचं तिला? तुम्ही नाही सांगायचं. घ्या शपथ.’ घेतली. काय करणार?

उजवीकडे घ्या. इशारा आधी. वायपर नाही, इशारा. हां, वायपर बंद करा. असू दे, धुतली काच.

मग डॉक्टरकडे जाऊन दहा महिने झाले असतील, एक दिवस हिनं आम्हाला पकडलं. शाळेची पाण्याची टाकी फुटली, शाळा सुटली लवकर, ही घरी. आणि त्या दिवशी नेमका पुन्हा त्या पाण्यातल्या बायकांचा कार्यक्रम होता, आणि सासूबाईंची हौस — ‘जावईबापू, टब आणा.’ तर दार उघडून ही बघते काय: कपड्यांचा टब जाजमावर, तिची आई बाह्या खांद्यापर्यंत सारून पाण्यात धबाधब हाणतेय, भिंतीपर्यंत शिंतोडे, आणि मी, मी समोर मांडी घालून तेरा नंबरच्या पान्यानं ओव्हनचा ट्रे बडवतोय. आणि सासूबाई हसतायत. मोठ्यांदा. आधी मला वाटलं, ही चिडेल जाजमावरून. नाही. ती दारातच उभी राहिली, बॅग खांद्यावर तशीच, आणि म्हणाली, ‘आई, माझ्या गाण्याला एकदा मान हलवली नाहीस. एकदा. आणि या टबाला?’

सासूबाई टबात बघत बसल्या. माझ्या हातात पाना.

मग घरात थंडी पडली, मॅडम. ती आईशी बोलेना. बोलायची म्हणजे ‘गोळी घेतलीस?’ एवढंच. शिकवण्या बंद केल्या घरातल्या. आणि महिन्याभरानं म्हणाली, ‘माझ्याच्यानं होत नाही. दादाला पहिल्या मजल्यावर घर मिळालंय, आईला तिकडे सोडू या.’ बॅग भरली. सासूबाईंनी गोळ्यांचा डबा स्वतःच आणून त्यात ठेवला. मी रात्रंदिवस मूग गिळून.

निघालो ना आम्ही, याच गाडीत. हीच चालवत होती. रागात असली की तिला हाताला काम लागतं. मी इथेच, या सीटवर. सासूबाई मागे, बॅग आणि वॉकर घेऊन. गावाबाहेरच्या पुलापर्यंत गेलो. ही रस्त्याकडे बघत, हळू, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, ‘मी इतकी वाईट गाते का हो?’ आणि काय झालं मला कळलं नाही — माझ्या पायाशी पण ब्रेक असतो, हा बघा, शिकवणाऱ्याचा — मी तो दाबला. गच्च. भर पुलावर. मागे हॉर्नवर हॉर्न. मी पुढेच बघत म्हटलं, ‘तिला ऐकू येत नाही. वरचं. तुझं. कधीच आलेलं नाही.’ आणि मागून सासूबाई — त्यांना माझे ओठ दिसत नव्हते ना — त्या म्हणाल्या, ‘काय झालं? पेट्रोल संपलं?’

ही मागे वळली. आईकडे बघितलं. मग माझं शिकवणीचं रजिस्टर पडलं होतं इथे पुढे, ते उचललं आणि स्वतःच्या तोंडासमोर धरलं. ओठ दिसू नयेत म्हणून. आणि गायला लागली. अगदी खालून, एकेक पायरी. सासूबाईंचं बोट होतं माझ्या सीटवर, ते प्रत्येक सुराला टेकत होतं — टक्, टक्, टक् — मला पाठीला कळत होतं. ही चढत गेली. मागच्या पावाच्या गाडीचा ड्रायव्हर शिव्या द्यायला आला होता, तो खिडकीशी तसाच उभा राहिला, तोंड उघडं. आणि मग बोट थांबलं. सासूबाई म्हणाल्या, ‘का गं? थांबलीस?’

ती थांबली नव्हती, मॅडम. काच थरथरत होती.

चला, चला. बघताय काय, सिग्नल सुटला. दुसरा टाका. शाबास.

पुढे काय, ही उठून मागे जाऊन बसली, आईच्या शेजारी. मी स्टिअरिंगवर आलो आणि कुणाला न विचारता गाडी फिरवली. आरशात काही बघितलं नाही मी. म्हणजे मागची वाहनं बघितली, ती बघावीच लागतात. सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘वाचा फुटली वाटतं जावईबापूंना.’

आणि आता ऐका गंमत! ही बया दुसऱ्या दिवशी शाळेतून रजा घेऊन दोन वाजता रेडिओपुढे हजर. वही घेऊन! कुठले सूर आईला येतात, कुठले नाही, सगळं लिहून काढलं. आणि मग त्या मंगोलियावाल्यांसारखं खालचं गायला शिकायला लागली. एवढी नावाजलेली गाणारी बाई, सकाळी न्हाणीघरात दार लावून रेड्यासारखी हंबरतेय! शेजारचे विचारून गेले, नळाचं काम काढलंय का. दोन महिने चाललं ते. मग एका दुपारी आईपुढे बसली आणि गायली. सासूबाई टेबलावर तळहात ठेवून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, ‘शेवटी घसरलीस. बेसूर झालं.’ मी म्हटलं, झालं आता, पातेली! तर ही धावत स्वयंपाकघरात आली माझ्याकडे, डोळे भरलेले, चेहरा असा फुललेला, आणि म्हणते, ‘अहो, आई मला बेसूर म्हणाली!’ पदक मिळाल्यासारखं. जाऊन पुन्हा गायली. पुन्हा बेसूर. पुन्हा गायली. अंधार पडेपर्यंत.

मी? मी काय, चहा केला. आता त्या दोघी बसतात दुपारी. वहीत लिहितात, वाद घालतात, मोठ्यांदा हसतात. मी एकदोनदा म्हटलं आपलं काहीतरी, तर ही म्हणाली, ‘थांबा हो, ऐकू द्या.’ बरोबर आहे. तिचं शास्त्र आहे ते. म्हणून मी या वेळेची शिकवणी घ्यायला लागलो. वेळ जातो, आणि रेडिओ काय, गाडीतही लागतो. नाही, वाईट कशाला वाटेल? छे! मायलेकी बोलतात, अजून काय पाहिजे?

लगेच का नाही सांगितलं हिला? शपथ होती ना, मॅडम. सांगितलं की तुम्हाला. अकरा महिने? हो, डॉक्टर ते पूल, अकरा महिने. तुम्ही मोजलेत होय? गाडीकडे लक्ष आहे की नाही? शपथ होती. म्हणजे — शपथ काय, पहिल्या आठवड्यात मोडली असती मी. अशा चार मोडल्यात. पण दुपारी दोनला मला कुणीतरी विचारायचं ना, ‘तुम्हाला कसं वाटलं’ म्हणून. आणि मी सांगायचो. काहीबाही सांगायचो, पण त्या ऐकायच्या. माझ्या तोंडाकडे बघत. हिला कळलं असतं की मग — मग आत्ता झालंय तसं झालं असतं. तेवढ्यासाठी पातेली ऐकली मी अकरा महिने. हिनं आईची बॅग भरेपर्यंत.

हिला वाटतं, मला पुलाच्या आदल्या दिवशीच कळलं. मागच्या आठवड्यात तिनं विचारलंही, टेबलावर, तिघं बसलो होतो, ‘अहो, तुम्हाला नक्की कधी समजलं हो?’ मी म्हटलं, ‘आदल्या दिवशी.’ आणि सासूबाई समोरच होत्या, माझ्या ओठांवरच नजर होती. डॉक्टरकडे कोण घेऊन गेलं होतं हे त्यांना माहीत नाही? त्यांनी माझ्याकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, ‘जावईबापू, चहा टाका.’

बघू नका असं माझ्याकडे. रस्त्याकडे बघा. नाही, सांगणार नाहीये मी हिला. सांगेन. बघू. तुम्ही इथंच घ्या कडेला — आरसा, इशारा — हळू. थांबवा. न्यूट्रल. हँडब्रेक ओढा. इंजिन बंद.

हो, रेडिओही बंद होतो त्याच्याबरोबर. असू दे.

उद्या रिव्हर्स घेऊ. उतरा, मॅडम. पर्स राहिली तुमची. उतरा ना, पुढचे येऊन उभे आहेत.